कसं फाटनं?

शेवंताअक्कांइतकं भित्रं माणूस मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. आणि हे कोण सांगतंय, तर मी! पाल दिसली की स्टुलावर चढून शेजारणीला हाका मारणारी. पण अक्कांपुढे मी म्हणजे झाशीची राणीच. त्या शिलाई मशीनचं बटण बंद करायच्या, मग पिन काढायच्या, मग पिन काढली की नाही ते परत येऊन बघायच्या. कुत्रं आडवं आलं तर गल्ली बदलायच्या. फोन वाजला की आधी दोन्ही हात छातीवर, मग "मंदा, तू उचल. कोन शे ते विचार, आणि मी घरात नही म्हन." घरात बसून!

मी त्यांना किती चिडवलं असेल, त्याला गणती नाही. म्हणायची, "अक्का, भित्यापाठी ब्रह्मराक्षस." त्या सुईत दोरा ओवता ओवता म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे त्याले पाठी. पुढे तरी नही ना येत?"

जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीच्या टोकाला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. मागच्या खोलीत त्या राहायच्या आणि पुढची, पत्र्याची खोली म्हणजे कारखाना. कारखाना हा शब्द माझा. दोन मशीन, एक लांब टेबल आणि भिंतीला छतापर्यंत जुन्या कपड्यांच्या चवडी. नऊवारी लुगडी, विटकी इरकल, कुणाच्या आजोबांची धोतरं, शाळेतले जुने पडदे. यातून अक्का जॅकेटं, कुडते आणि खांद्यावरचे झोळे शिवायच्या. एका पाठीवर तीन लुगडी नांदायची, पण असं वाटायचं की विणतानाच ती एकमेकांसाठी विणली होती. मी शाळेतल्या क्लार्कच्या नोकरीतून लवकर निवृत्ती घेतली होती आणि घरात बसून नवऱ्याशी भांडण्यापेक्षा बरं म्हणून अक्कांकडे काज-बटणाला जायला लागले. फोनवर फोटो टाकायचं कामही माझंच, कारण अक्का फोनला हात लावत नसत. एकदा पुण्याची माझी भाची आली. सगळं बघून हरखली आणि म्हणाली, "अक्का, याला सस्टेनेबल फॅशन म्हणतात! जगभर चाललंय हे."

अक्का घाबरूनच गेल्या. मला हळूच म्हणाल्या, "काही गुन्हा तर नही ना व?"

मी समजावून सांगितलं. मग हसल्या. "असं व्हय. आम्ही याले गोधडी म्हंतस."

त्यांची एक सवय होती, ती मात्र सुरुवातीला मला आवडायची नाही. कुणीही बाई समोर येऊन बसली की बोलता बोलता अक्का तिचा पदर हातात घ्यायच्या. खांद्यापासून टोकापर्यंत बोटांतून ओढायच्या, हळूहळू, शेंगा सोलताना बघावं तसं एकेक बोट बघत. एखादं भोक सापडलं की विचारायच्या, "हाई कसं फाटनं?" मग बाई सांगायची, दाराला अडकलं, उंदरानं कुरतडलं, सायकलच्या चाकात गेलं. सांगून झालं की अक्का पदर सोडायच्या. नव्या बायका बावरायच्या. मी एकदा म्हटलंसुद्धा, "अक्का, हे बरं दिसत नाही. लोकांना वाटेल चौकशा करता." तेव्हा त्या नुसत्या म्हणाल्या, "वाटू दे." एवढ्या भित्र्या बाईला लोकांच्या वाटण्याचं भय कसं नव्हतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

दुसरा नियम नायलॉनचा. अक्का घरात नायलॉन येऊ देत नसत. गाठोडं आलं की प्रत्येक कपड्याचा एक दोरा काढायचा आणि जाळून बघायचा. सुती दोऱ्याची राख होते, कागद जळाल्यासारखा वास येतो. नायलॉनचा दोरा जळत नाही, वितळतो आणि त्याचा चिकट काळा मणी होतो. आता ही परीक्षा रोजची, आणि अक्कांना आगपेटीचं भय! काडी मी ओढायची. त्या मागच्या खोलीच्या उंबऱ्यात भिंतीला पाठ लावून उभ्या. "इझी का? इझी का मंदा?" विझली म्हटल्याशिवाय पाऊल पुढे टाकत नसत. एका मोठ्या दुकानदारानं जुन्या जॉर्जेटच्या साड्यांचे घोळदार कुडते मागितले होते. वर्षभर पुरेल एवढं काम होतं. अक्का म्हणाल्या, "नही." मी चिडले. म्हटलं, "लक्ष्मी दाराशी येतेय आणि तुम्ही कडी लावताय!" त्या म्हणाल्या, "ते अंगाला चिकटस, मंदा."

कपडा वाचायची विद्या मात्र त्यांच्याकडे होती, आणि तिला मी विद्याच म्हणेन. एकदा बँकेतले एक साहेब वारलेल्या वडिलांची चार धोतरं घेऊन आले. त्यांना त्याचा कुडता हवा होता, वर्षश्राद्धाच्या आत. अक्कांनी धोतर टेबलावर पसरलं, हात फिरवला आणि म्हणाल्या, "वडील उजवा गुडघा टेकून काम करायचे. बोटाला काळं तेल असायचं. धोतराला पुसायचे आणि आई रागवायची."

साहेबांचा चेहरा पडला. म्हणाले, "तुम्ही ओळखत होता?"

"नही हो दादा. इथं बघा, गुडघ्यावर विरलंय. इथं तेल. आणि तेलाच्या जागी धुऊन धुऊन सूत पातळ झालंय, म्हणजे घासणारीला राग येत होता."

साहेब खुर्चीत बसले. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, हे त्यांनी म्हणे ऑफिसात कुणालाच सांगितलं नव्हतं. रुमाल काढून रडले. अक्कांनी तो तेलाचा डाग कुडत्याच्या खिशावर घेतला, बरोबर समोर. साहेब तो घालून ऑफिसला गेल्याचं आम्हाला कळलं तेव्हा अक्का दिवसभर खुशीत होत्या. म्हणाल्या, "माणूस खोटं बोलस, मंदा. कपडा नही बोलस."

आता ज्योतीचं सांगते. पहूर गावची पोरगी. बारावी झाल्यावर रोज एसटीनं जळगावला यायची, अक्कांकडे शिकायला. वर्षभर शिकली. किडकिडीत, बोलायला कमी, हसली की हात तोंडावर. आणि डावखुरी. अक्कांना पहिले पंधरा दिवस कळेना की हिला शिकवायचं कसं. मग स्वतः आरशासमोर बसून टाके घालायच्या आणि ज्योतीला म्हणायच्या, "आरशात बघ." तशी शिकली ती! तिची रफू इतकी बारीक की उन्हाला धरल्याशिवाय दिसायची नाही. डावखुरी असल्यामुळे टाका उलट्या अंगाला कलायचा, एवढाच फरक. आणि शेवट अक्कांचा. अक्का दोऱ्याला कधी गाठ मारायच्या नाहीत. "गाठ मारू नको. तीन टाके मागे ये आणि सोड. गाठ टोचस अंगाला." दिवसातून दहा वेळा हे वाक्य. मीसुद्धा झोपेत म्हणत असेन.

ज्योतीचं लग्न झालं ते धुळ्याला. देवपुरातलं बरं घर, मुलगा खासगी कंपनीत. अक्कांनी तिला स्वतः शिवलेला झोळा दिला आणि लग्नात मांडवाच्या खांबाजवळ बसून राहिल्या, मांडवाला आग लागली तर बाहेर पडायला सोपं म्हणून. मी हसले होते तेव्हा.

आमच्याकडे माल आणायची चंपाबाई. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन गल्लोगल्ली फिरायची, भांडी द्यायची आणि जुने कपडे घ्यायची. जळगाव, पारोळा, धुळे असा तिचा फेरा. पंधरा दिवसांनी चांगलं सुती गाठोडं अक्कांपुढे टाकायची. ज्योतीच्या लग्नाला दीड वर्ष झालं असेल, तेव्हा अशाच एका गाठोड्यात एक निळी सुती साडी आली. खांद्यापाशी वीतभर फाटलेली आणि त्यावर रफू. काय रफू ती! आम्ही दोघी बघतच राहिलो. हल्ली शहरातल्या मुलींना दुरुस्ती दिसलेली आवडते, लपवलेली नाही. मी म्हटलं, "अक्का, हा तुकडा जॅकेटच्या पाठीवर घ्या, बरोबर मधोमध." अक्कांनी घेतला. मी फोटो टाकला, खाली कौतुकाचे चार शब्द लिहिले आणि तासाभरात जॅकेट गेलं. पुण्याच्या कुणा मुलीनं घेतलं.

रोज येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारणाऱ्या अक्कांनी त्या दिवशी विचारलं नाही. रफूच्या सौंदर्याला भुललो आम्ही. माझा वाटा त्यात जास्त आहे, मी घाई केली. ते जॅकेट आजही कुणाच्या तरी पाठीवर असेल.

दीड महिन्यानं परत असंच एक गाठोडं आलं. मी बटणं लावत होते. अक्का कपडे वेगळे करत होत्या आणि मध्येच त्यांचा हात थांबला. तीन कपडे त्यांनी बाजूला काढले. एक साडी, दोन ब्लाउज. साडी त्याच खांद्यावर फाटलेली. दोन्ही ब्लाउज डाव्या बाहीच्या मुळाशी उसवलेले, शिवलेले, परत उसवलेले, परत शिवलेले. पदरावर चार गोल भोकं, कडा काळ्या, प्रत्येक भोक बारीक जाळी विणून बुजवलेलं. अक्का दाराशी गेल्या आणि साडी उन्हाला धरली.

"मंदा," त्या म्हणाल्या, "टाका उलटा शे."

मी जवळ गेले. सगळा टाका डावीकडे कलता. आणि शेवटी गाठ नाही. तीन टाके मागे.

ज्योतीचा हात! अक्का खाली बसल्या, नुसत्या जमिनीवर, साडी मांडीवर घेऊन. मी पाणी आणलं, ते घेतलं नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते बारा वर्षांच्या शेजारात मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांना धाकटी बहीण होती, सिंधू. लग्नानंतर माहेरी आली तेव्हा तिच्या पदराला असंच भोक होतं. अक्कांनी विचारलं, कसं फाटनं? ती म्हणाली, खिळ्याला अडकलं. अक्कांना दिसत होतं की कड जळालेली आहे. खिळ्यानं कड जळत नाही. पण घरात पाहुणे होते, सिंधू हसत होती आणि अक्कांना वाटलं, जाऊ दे, दिवाळीला विचारू. दिवाळीच्या आधीच निरोप आला की स्टोव्ह भडकला. अंगावर नायलॉनची साडी होती.

"मी विचारलं, पण बघितलं नही," अक्का म्हणाल्या. "तिनी सांगं, मी आयकं. झालं."

मी म्हटलं, आधी फोन करू. ज्योतीचा नंबर होता. मी लावला, अक्का माझ्या कानाला कान लावून. दोन वाक्यांत कळलं की फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवलाय, कारण पाठीमागे कुणीतरी खाकरलं. "बठ्ठं चांगलं शे, अक्का," ज्योती म्हणाली. "तुम्ही कशा शे?" सगळं ठीक म्हणणारा आवाज, इस्त्री केलेला, एक सुरकुती नाही. मग तिच्या वडिलांना पहूरला फोन केला. ते म्हणाले, "अक्का, पोरगी नांदतेय. तुम्ही चिंध्यांवरून संसार मोडू नका." आणि ठेवला.

मी म्हटलं, पोलिसांत जाऊ. अक्का म्हणाल्या, "जाऊ. पण पोलीस दारात उभे राहिले आणि ती म्हनली बठ्ठं चांगलं शे, तर? ते निघी जातीन. मग त्या घरात तिचं काय व्हईन?" पोलिसांत जायचंच, पण ज्योतीला बरोबर घेऊन. म्हणजे आधी तिला बाहेर आणायचं. आणि त्या घराच्या फाटकातून परक्या बाईला आत कोण घेईल? तर भांडेवालीला! दुपारची वेळ, पुरुष कामावर, बायका स्वतःहून हाक मारतात.

चंपाबाई म्हणाली, "मी जाते ना, घर माझ्या पायाखालचं आहे." अक्का म्हणाल्या, "ती तुले बघून नही निघाव."

दोन दिवस चंपाबाईनं अक्कांना शिकवलं. चुंबळ कशी बांधायची, पाटी कशी तोलायची, पहिला कपडा नाकारायचाच, आणि काही झालं तरी घाई दाखवायची नाही. अक्का जन्मभर पांढऱ्या साडीत. पौर्णिमेला विहारात जाताना, लग्नाकार्यात, कारखान्यात, तेच पांढरं लुगडं. चंपाबाईची पोपटी साडी नेसल्यावर मलाच ओळखू येईनात. आणि भीती? एसटीत बसल्यापासून त्यांनी माझं मनगट धरलं ते धुळ्याच्या स्टँडवर सोडलं. मनगटावर वळ उठले होते. रिक्षा पांझरेच्या पुलावर आली तेव्हा डोळे घट्ट मिटले. मी म्हटलं, "अक्का, परत फिरू या का?" खरं सांगू? माझीच मनापासून इच्छा होती. डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "माले भ्याव वाटस, मंदा. फार भ्याव वाटस. चाल."

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबवून ठेवली. मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात शिरले आणि उगाच हे दाखवा, ते दाखवा करत राहिले. तिथून फाटक सरळ दिसत होतं, वीस-पंचवीस पावलांवर. अक्का पाटी घेऊन निघाल्या. "भांडेऽ" अशी पहिली आरोळी दिली ती इतकी बारीक की समोरच्या ओट्यावरच्या मांजरीनंसुद्धा मान वर केली नाही. दुसरी थोडी बरी. तिसऱ्या आरोळीला सासू बाहेर आली.

"ए भांडेवाली! नेहमीची कुठंय?"

"आजारी शे बाई. मी तिची जाऊ."

मी तोंडात पदर धरला. फोन उचलायला घाबरणारी ही बाई!

अक्का अंगणात बसल्या, पाटी उतरवली. सासू प्लास्टिकच्या खुर्चीत. एक डबा तिनं हेरला आणि आत बघून ओरडली, "ज्योती, ती जुनी चादर आण." ज्योती आली. डोक्यावरून पदर, नजर खाली. चादर टाकली आणि वळली. अक्कांनी ओळख दिली नाही. चादर हातात घेतली, बोटांतून ओढायला लागल्या आणि बाजारात बोलतात तसं मोठ्यानं म्हणाल्या, "रफूची चादर नही चालत बाई. कोनी केलीय हाई? गाठ मारू नये. तीन टाके मागे यावं आणि सोडावं. गाठ टोचस अंगाला."

ज्योती उंबऱ्यात थांबली. पाठमोरीच. मला तिची पाठ दिसत होती, ती पाठ हललीसुद्धा नाही. दुकानदार मला विचारत होता, "ताई, तूरडाळ की मूगडाळ?" आणि मला डाळ या शब्दाचा अर्थ आठवेना.

मग सासू गुडघे धरत आत गेली, कुलपातला दुसरा कपडा आणायला. अर्धा मिनिट असेल. अक्का काहीतरी बोलल्या, ज्योतीनं मान हलवली. नाही. परत बोलल्या. परत नाही. नंतर मला कळलं की अक्कांनी विचारलं होतं, "येस का?" आणि ज्योती म्हणाली होती, "भ्याव वाटस." तेव्हा अक्का म्हणाल्या होत्या, "माले बी. मना पाय बघ." पोपटी साडीखाली त्यांचे दोन्ही पाय लटलट कापत होते.

सासू परत आली, डबा ठरला. अक्का उठल्या, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "बाई, पाटीले हात लावता का? एकटीनं उचलत नही."

भांडेवालीच्या पाटीला हात लावायला कोण नाही म्हणतं? रीतच आहे ती. फक्त सासूचे गुडघे दुखत होते. खुर्चीतूनच ती म्हणाली, "जा गं, हात लाव तिला."

ज्योती अंगणात उतरली. अनवाणी. दोघींनी पाटी उचलली, ती अक्कांच्या डोक्यावर बसली. ज्योतीचा हात पाटीवरून निघाला नाही. फाटक उघडलं. सासू ओरडली, "अगं, तू कुठं चाललीस?" आणि अक्का मागे न बघता म्हणाल्या, "पाटी कलतेय बाई, कोपऱ्यापर्यंत धरू द्या."

त्या पंचवीस पावलांचा आवाज माझ्या कानातून जात नाही. अक्कांचं सगळं अंग थरथरत होतं आणि त्यानं पाटीतली भांडी वाजत होती. वाट्या, डबे, पेले, सगळं खणखणत होतं. एवढा आवाज की लोक खिडकीतून बघायला लागले. त्या थांबल्या नाहीत, पळाल्याही नाहीत. चंपाबाईनं सांगितलं होतं ना, घाई दाखवायची नाही. मागून सासूची हाक आली, मग दुसरी, मग चपलांचा आवाज. मी ज्योतीला रिक्षात ओढलं. पाटी काही आत मावेना. मी किंचाळले, "टाका ती पाटी!" तर अक्का म्हणाल्या, "चंपाची भांडी शे व!" आणि मांडीवर आडवी घेऊन बसल्या. पुलावरून जाताना भांडी वाजतच होती. या खेपेला अक्कांचे डोळे उघडे होते, ते ज्योतीच्या डाव्या खांद्यावर होते.

तिथून तडक पोलीस स्टेशन. मग तक्रार, दवाखाना, जबाब. वडील पहूरहून आले. अक्कांनी ती निळी नव्हे, दुसरी साडी त्यांच्या हातात ठेवली आणि भोकांवरून त्यांचं बोट फिरवलं. बराच वेळ ती साडी घडी करत बसले. त्यांना घडी करता येत नव्हती.

ज्योती अक्कांकडेच राहिली, काम करायला लागली. भीती गेली असं मात्र कुणी समजू नये. नवरा दोनदा पिंप्राळ्यात आला. एकदा भांडायला, एकदा पाया पडायला. पाया पडायला आला तेव्हा आम्ही जास्त घाबरलो. मोटारसायकल गल्लीत थांबली की तिघींचे हात एकदम थांबायचे. केस चालू होती, तारखा पडत होत्या आणि प्रत्येक तारखेला ज्योती धुळ्याहून परत येईपर्यंत अक्का दारात.

पुढे तीन वर्षांनी अक्कांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. त्या थकत गेल्या. शेवटच्या आठवड्यात मागच्या खोलीतच होत्या, बोलणं जवळजवळ बंद. त्या दिवशी सकाळी मी उशाशी बसले होते. ज्योती पुढच्या खोलीतून पेज घेऊन आली. आदल्या दिवशीच ती धुळ्याला तारखेला जाऊन आली होती. नवराही आला होता म्हणे, मिटवून घेऊ म्हणत होता. ज्योती वाकली तशी तिचा पदर अक्कांच्या हाताला लागला. अक्कांची बोटं हलली. पदर धरला. खांद्याकडून खाली, हळूहळू, ओढत आल्या. मध्येच थांबल्या. भोक होतं.

त्यांनी डोळे उघडले. ओठ नुसते हलले, पण मला पाठ होतं ते. कसं फाटनं?

"खिळ्याला अडकलं, अक्का," ज्योती म्हणाली. "आत्ता येताना. पुढच्या दाराच्या."

अक्का तिच्याकडे बघत राहिल्या. ज्योतीचे डोळे भरले. "खरंच, अक्का. शपथ." तरी त्या बघतच होत्या. मग मान माझ्याकडे वळवली. सगळा जीव एकवटून बोलल्या.

"मंदा, तू देखी ये."

मी उठले. ज्योती तशीच वाकून उभी, पदर अक्कांच्या मुठीत. पुढच्या खोलीत गेले. दाराच्या चौकटीला, खांद्याच्या उंचीवर, कॅलेंडरचा जुना खिळा होता. मला नीट दिसेना, चष्मा पुसला. बोटानं चाचपलं. खिळ्याच्या टोकाला दोरा होता. बारीक, सुती, ज्योतीच्या पदराचाच हिरवा.

तो काढून आणला आणि अक्कांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो बोटांत धरून फिरवला, पदराशी लावला. मग पदर सोडला.